दीड तारेचा बेस

गिमारास बेटावर जाणाऱ्या बोटीच्या रांगेत माझ्यापुढे दोघं उभे होते, दोघांच्याही पाठीवर बेस गिटार.

"विल्मार, नवीन बेस केवढ्याला पडला?"

"नव्वद हजार पेसो. बायकोला नऊ सांगितलेत."

"आणि चारांतल्या वाजवतोस किती तारा?"

"दीड."

"काल जत्रेत कसा वाजला मग?"

"वाजलाच नाही, रोडेल. पायाखालच्या पेडलनं आवाज बंद करून तारा सुरात लावल्या, आणि परत सुरू करायला विसरलो. दोन गाणी मुकीच वाजवली."

"बँडमध्ये कुणाला कळलं नाही?"

"ते स्वतःलाच ऐकत असतात."

"म्हणजे नव्वद हजार पाण्यात."

"ऐक तर. तिसऱ्या गाण्याला नाचणाऱ्या म्हाताऱ्या थांबल्या. त्यांतली एक जण काठी टेकत थेट माझ्यापुढे आली. म्हणाली, पोरा, पाय तालात पडत नाहीत, तुझं काय बंद आहे बघ."

"गायकाला नाही विचारलं?"

"त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही."

"मग?"

"पेडल दाबलं. म्हातारीनं काठी खुर्चीला अडकवली आणि गाणं संपेपर्यंत नाचली. चौदा वर्षांत पहिल्यांदा टाळ्या माझ्याकडे बघून पडल्या, लेका."

"दीड तारेवर?"

"एकीवरच. अर्धी पुढच्या जत्रेला राखून ठेवलीय."