सकाळच्या गारव्यात जीप धरत न्हाई

न्हाई न्हाई, बोनट मागाहून उघडा, पाव्हनं, आदी बाजंवर टेका – कानिफनाथ दूध आनाया गेलाय, च्या हुस्तवर ह्या जीपची कहानी ऐका. तर एक हुता कानिफनाथ, माजा ल्योक, एक त्याची बायकू ज्ञानेश्वरी, एक त्यांची नववीतली पोर मोनी, अन् ह्या समद्यांची पोटं वढनारी एक जीप. पाथर्डीला जानाऱ्या भाड्याच्या शिटा मिळायच्या. दिवाळी सरली की अर्धा गाव ऊसतोडीला जायचा, आमचं घर तेवढं जाग्यावर. आता तुमी जीप नेनार, अन् परवा मुकादमाचा ट्रक आला की ही दोघं कोयतं घिऊन त्यात बसनार. मोनीला कुठं ठिवायचं, त्ये अजून कुनी बोललं न्हाई. – तसं तुमाला त्याचं काय, तुमी गिऱ्हाईक. मी आपली जीपचं सांगते.

खरं सांगू? लई वंगाळ गाडी. सकाळी गारव्यात धरतच न्हाई. चावी फिरवली की घुर्र घुर्र, मागनं पांढरा धूर, बस. दुपारी ऊन तापलं की हीच बया एका चावीत सुरू – कामाच्या येळंला अंग दुखतं अन् म्हायेराला जायच्या येळंला टुनकन उठती, तसली. बन्सी मिस्त्री म्हनला, बॅटरी गेली. बॅटरी बदलली. मग म्हनला, स्टार्टर. मग म्हनला, पंप. गाडीत जुनं काय उरलं? एक आमचा कानिफनाथ. त्यानं तोडगा काढला – ह्या उतारावर लावायची अन् सकाळी शिटांनीच ढकलायची. भाडं द्यायचं त्यांनी अन् ढकलायचं बी त्यांनीच. शिटा तुटल्या. तुटनारच की. मग हा चिडला अन् तुमाला शबूद दिऊन बसला.

पन सकाळीच का अडती, दुपारी का न्हाई, त्ये कुनी इचारलं? ज्ञानेश्वरीनं इचारलं. म्हनली, आत्याबाई, गाडी म्हातारी झाली न्हाई, हिला थंडी वाजती. डिझेलला पेटाया ठिनगी नसती म्हनं, आतली हवा दाबून तापली तरच त्ये पेट घेतं – अन् गारव्यात त्या हवंला ऊब द्याया चार हीटर प्लग असत्यात, बोटायेवढं. चावी अर्धी फिरवली की समूर पिवळा दिवा लागतो, त्यो इझंस्तवर दम धरायचा, मग स्टार्टर. आता आमच्या गाडीत दिवाच कुनाला ठावं नव्हता. का? तर कानिफनाथानं नेमका त्याच्यावर देवाचा फोटू चिकटिवल्याला. सा वर्सं देवाला हात जोडतोय अन् लगीच चावी मारतोय – दम धरायचा कुनी, देवानं?

परवा ह्यो गावात नव्हता, तवा तिनं फोटू सोलून वर आरशापाशी लावला अन् बोनट उघडलं. प्लगांवरची वायर काढली. दोन वायरींचा एक बल्ब – एक टोक बॅटरीच्या अधिकच्या खुनंला, दुसरं प्लगच्या डोक्याला. बल्ब लागला तर प्लग जित्ता. पयला जित्ता, दुसरा मेला, तिसरा मेला, चौथा जित्ता. म्हनलं, चौघातली दोनच कामाची, आमच्या घराला ह्ये काय नवं न्हाई. पन तिनं चारी बदलले – जुन्यावरचा नंबर दुकानात दावून, नुसतं दिसाया सारखं असून भागत न्हाई म्हनली. भोकातली काजळी पुसली. डिझेल फवारनारं नोझल थेंब गाळत असंल तर नव्या प्लगचं टोक बी जळतं, म्हनून नोझल पाथर्डीत तपासून आनलं. अन् काल सकाळी, दातावर दात आपटत हुतं बगा, दिवा इझला, एका चावीत अशी बोलली गाडी, की मी –

तर काय म्हनत हुते मी? वंगाळ गाडी.

अवं, कुठं निघाला? बसा की. चावी नका लावू, पंप गेलाय, बॅटरी गेलीया – बरं, दिवा इझू द्या तरी.

...ऐकलं? एका चावीत. व्हय, ऐकलं मी बी. आता ह्या जिभंला काय करू? कानिफनाथाला तिनं सांगितलं की, नीट झाली म्हनून. म्हनला, तू कोन मिस्त्री लागून गेलीस, अन् आता शबूद गेला. त्यो मागं घ्यायचा न्हाई, बापावर पडलाय. गिऱ्हाइकानंच नगं म्हनलं तर वेवार मोडतो, न्हाईतर दोघं निघाली कोयतं घिऊन. म्हनून मी मघाधरनं –

का वो, बंद का केली? चावी माज्या हातात? अन् कानिफनाथाला काय सांगनार? – तसंच सांगा. पसंत पडली न्हाई म्हना, मी हुंकारा भरते. आता परवाचा ट्रक आमच्या दारावरनं तसाच पुढं जाईल. निघा, पाव्हनं, वाटंतच गाठ पडंल त्याची. च्यासाठी थांबू नगा, बसलासा तर माजं तोंड आनखी सुटंल.