बॅटऱ्या माह्या, कॅमेरा जावेचा

काय सांगू तुमाले, माहेर माह्यं बार्शीटाकळीचं, मायबाप दुसऱ्याच्या वावरात मजुरीले, अन् लगन करून आली ते अकोल्याले, जुन्या शहरात, फोटो-स्टुडिओवाल्याच्या घरी. फोटोवाल्याची बायको म्हनून किती मिरवली मी, वाटे आज ना उद्या कॅमेरा माह्या हाती येईन. हाती आल्या त्या बॅटऱ्या.

आता तुमी म्हनसान, बॅटऱ्याइचं काय एवढं. पन आमच्या इकडचा उनाया कसा, पत्रे तापते, कूलर गरम हवा फेकते, अन् बॅटरीले ऊनही चालत नाई अन् ओलही चालत नाई, बाळंतिणीवानी जपा लागते. गरम बॅटरी आली का आधी थंडी होऊ देते, मंगच चार्जरले लावते, टोपन घातल्याबिगर ठेवत नाई, चाव्याइजवळ तं नाईच नाई. आखाड लागला, लगनं बंद झाले, का अर्ध्या भरून कोरड्या डब्यात. फुगली दिसली तं घरात ठेवत नाई. सारं मीच करते. पुसता पुसता कॅमेरा चालवाले बी शिकली, पन कोनी इचारलं नाई, का व, तुले फोटो काढा वाटते काय.

मंग धाकली जाऊ आली, वैशाली, अंजनगाव सुर्जीची, पानमळेवाल्याची पोरगी. आली नाई तोच आमच्या यायनं, माह्या नवऱ्यानं, तिच्या गयात कॅमेरा टांगला, म्हने लगनाच्या हयदीत बायका मानसासमोर मोकळ्या हासत नाई, बाईच पायजे. अन् मी कोन होती, बाई नाई? लोक तिले म्हनते फोटोवाली मॅडम, नवऱ्या तिच्यासंगं सेल्फी काढते, अन् मी घरी बॅटऱ्या पुसून राहिली. जीव जयते बाप्पा, खोटं काहून बोलू.

औंदाच्या उनायात तिच्या माहेरी लगन होतं. हे दुसऱ्या गावी कामाले गेलते. दुपारी दिराचा फोन, वहिनी, कॅमेरा चालूच होत नाई. म्हटलं, काय केलं बॅटऱ्याइचं? तं म्हने वैशालीनं ओल्या फडक्यात बांधून आनल्या, रस्त्यात तापू नाई म्हनून, तिचा बाप पानं बांधते तशा. मले इतका आनंद झाला, इतका आनंद झाला का काय सांगू. म्हटलं, त्या ओल्या घालू नका, चार्जिंगले लावू नका, बाहेर मोकळ्यावर ठेवा, मी येते. घरी दोन कोरड्या होत्या, त्या घेतल्या, चांगलं लुगडं नेसली अन् एसटीत बसली. साऱ्या रस्त्यानं वाटे, आज हयदीचे फोटो मीच काढते.

मांडवात पोचली तं वैशाली माह्या गयात पडून रडली. मी कॅमेऱ्याले हात लावते तं नवरी वरडली, वैशालीताई, लवकर या, हयद सुकून राहिली. तिनं बॅटरी घातली अन् गेली. मी कोपऱ्यात, चार्जरपाशी.

घरी आल्यावर यायनं तिले सांगतलं, आजपासून बॅटऱ्याले हात लावाचा नाई. मले वाटलं आता माह्याकडे वयतीन. वयले बी. म्हने, हे काम तुह्याबिगर कोनाले जमत नाई. साऱ्याइनं मान डोलवली. अशी तारीफ वैऱ्याच्या वाट्याले न येवो.

आता दुकानाच्या पाटीवर तिचं नाव रंगवून राहिले. पोरगी चांगली हाय, भलं होवो तिचं, मी काही वाईट चिंतत नाई. पन तुमी हे माह्यं लिहून राहिले ना, तं खाली दुकानात जाऊन आमच्या यायले एवढं वाचून दाखवा, का तुमच्या बायकोले एका लगनाचे फोटो काढू द्या. मी सांगते तं हे हासते.