पाटीवरचा फेमस

मनगट मुरगळलेली गोजरबाई नव्या पेठेत हाडवैद्याच्या पायरीवर बसली होती. वैद्य रेवणसिद्धप्पा एका पेंटरकडून इंग्रजी पाटी रंगवून घेण्यात गुंतले होते. हात दुखत असला तरी गोजरबाईचे कान रिकामेच होते.

“अप्पा, नावाआधी ‘फेमस’ घालू?”

“म्हंजी काय?”

“ज्याचं घर कुणाला विचारावं लागत नाही, असा माणूस.”

“मग घाला की. ठसठशीत घाला.”

तेवढ्यात हात गळ्यात बांधलेला एक शेतकरी घामाघूम होऊन आला.

“मंद्रूपास्नं आलोय. गिरणीच्या भोंग्याधरनं पेठ पालथी घालतोय. रेवणसिद्धप्पा हाडवैद्य कुटं बसत्यात?”

“मीच. बसा, ह्या बाईंच्या मागनं बघतो.”

पेंटरचा ब्रश थांबला.

“अप्पा, शब्द ठेवू का पुसू?”

“ठेवा की. ह्यांस्नी कुटं इंग्रजी वाचता येतंय.”