गंगासेवक

—नाही ताई, संपले. परवाच संपले. तुम्ही दुसरं काही न्या ना, गप्पी न्या, मॉली न्या— हां, नदीत सोडायचेत म्हणताय. नदीत सोडायला मी आता काहीच देत नाही. बसा की, तो स्टूल ओढा. साधनाताई ना तुम्ही? नाशिक रोडच्या, प्रेसमधल्या रावजींची मुलगी? ओळखलं मी लगेच. वडील तुमचे फार हौशी माणूस. माझ्याकडनंच टाकी नेली अन् महिन्याने परत आले— म्हणे शेठ, तुमचे मासे माझ्याशी बोलत नाहीत. म्हटलं काका, माझ्याशी तरी कुठे बोलतात! वर्ष झालं ना त्यांना जाऊन? म्हणजे वर्षश्राद्धाला अकरा मासे गंगेत सोडायचे— जिवांना जीवदान, वडिलांना पुण्य, आणि वर हा मासा शेवाळ खाऊन नदी साफ करतो. कळलं मला. गोदावरीला आपण नाशिककर गंगाच म्हणतो, तिची सेवा करणारा म्हणून हा गंगासेवक. पाटीवर असंच वाचलं होतंत ना?

कुठे? त्या मागच्या टाकीत? ...हो, तेच आहेत. बरं, संपले नाहीत. गिऱ्हाइकाला माल नाही म्हणायची मला सवय नाही, त्यामुळे नीट जमत नाही. पण देणार नाही, ते खरं. रागावू नका, ऐका तर— हा काच चाटणारा मासा. घरी नेतात तेव्हा बोटाएवढा, दोन वर्षांत हातभर होतो, टाकीत वळायला जागा उरत नाही. मग लोक आणून देतात— कुंदनशेठ, ठेवून घ्या. द्वारका चौकातल्या या एवढ्याशा गाळ्यात मी ठेवू कुठे? आणि मारायचं म्हणाल तर आमच्या घरात मुंग्यांना साखर घालतात. एकदा दोन बादल्या भरल्या होत्या. सोमवती अमावस्या होती, सकाळी गंगेवर स्नानाला ही गर्दी— गेलो अन् दिले सोडून. आपल्या हातून मेले असं नको व्हायला, एवढंच मनात. तर एक म्हातारी बघत होती, तिने मला हात जोडले! म्हणाली, बाबा, लय पुण्याचं काम केलंस, कोणचे मासे रे? आता काय सांगणार? तोंडाला आलं ते बोललो— गंगासेवक, आजी, गंगा स्वच्छ ठेवतात. दुसऱ्या दिवशी ती चार बायका घेऊन दुकान शोधत आली. शाळा माझी सातवी, पण गिऱ्हाईक कुठल्या शब्दाला हलतं ते मला बरोबर कळतं. पाटी रंगवून घेतली. पितृपक्षात दाराशी रांग लागायची, ताई, वणीहून येताना यात्रेकरू गाडी थांबवून न्यायचे.

म्हणजे पहिले मीच सोडले— हो. हे बोलायचं नव्हतं मला. निघालं तोंडातून.

साफ कसली करतो? नाल्यातनं येतं ते हा बापडा काय चाटणार! घाणीत टिकतो मात्र. जिथे बाकीचे मासे उलटे होऊन तरंगतात तिथे हा वर येतो, तोंडाने हवा गिळतो अन् पुन्हा तळाशी जातो. काठाला बिळं पाडतो, दुसऱ्यांची अंडी खातो. अंगावर हाडाचं कवच, पाठीवर काटा करवतीसारखा. नांदूरमधमेश्वरला मी एक बगळा पाहिला— मेलेला, चोच उघडी, घशात हा आडवा.

अकराने काय होतंय? ताई, दोन बादल्यांनी काय होतंय, असंच मीही म्हटलं होतं.

चांदोरीच्या खाली बहिरू म्हणून एक आहे, नदीवर जाळं टाकायचा. वांब, मरळ बाजारात विकायचा आणि नदीतले बारके रंगीत मासे टाकीसाठी मला आणून द्यायचा. बरोबर बायको, नवसाबाई— तोंडाने फटकळ. काय शेठ, म्हणायची, खायचा मासा तुमी नुसता बघायला ठेवता, अन् लोक नेत्यात बी? शहाणी मान्सं! एका वर्षी बहिरूनं जाळं ओढलं, तर हे जड. खूश झाला. वर काढतो तर सगळे हेच, काळे, काटे जाळ्यात रुतलेले. सोडवता येईनात, जाळं कापावं लागलं. पुढच्या खेपेला तेच, त्याच्या पुढच्या खेपेला तेच. बाजारात कुणी हात लावेना. वांब तर दिसायचीच बंद झाली. मग एकदा काटा हातात घुसला, चिघळला, दोन बोटं काढावी लागली. त्या पट्टी बांधलेल्या हाताने एक गोणी घेऊन इथे आला, या काउंटरवर हा मासा टाकला आणि म्हणतो, शेठ, तुमी माशातले जाणकार, हा कुठनं आला हो आमच्या पाण्यात?

पाटी त्याच्या डोक्यावर लटकत होती. त्याला वाचता येत नाही.

म्हटलं, पुरात आला असेल. कुठल्यातरी धरणातनं. त्याने मान हलवली. पुरात, म्हणाला, हां. ...मग मीच त्याला समोरच्या बिल्डिंगमध्ये वॉचमन लावून दिला. केवढे उपकार मानतो! दर शनिवारी किटलीतनं माझ्यासाठी चहा घेऊन येतो. काठी धरायला तीन बोटं पुरतात शेठ, म्हणतो— वर हसतो. नवसाबाई मात्र येत नाही. का, ते मी विचारलेलं नाही. पाटी तो गोणी घेऊन आला त्याच दिवशी उतरवली. हे टाकीतले तेवढे उरले— मारवत नाहीत, सोडवत नाहीत, खायला घालतो, वाढतात. वडिलांसाठी दुसरं काय करावं, ते मला विचारू नका. पुण्य म्हणजे काय, ते मला विकण्यापुरतंच कळतं.

काय? ...बहिरूला? नाही. नाही सांगितलं. कसं सांगू? एवढा एकच माणूस मला देवमाणूस म्हणतो— आणि सांगून बोटं येणारेत का परत? असं बघू नका हो. बरं, निघा तुम्ही आता, शनिवार आहे, तो बघा, रस्ता ओलांडतोय. त्याच्यासमोर ते गंगासेवक नाव तेवढं काढू नका, हात जोडतो— ये, बहिरू, ये! या आपल्या साधनाताई, नाशिक रोडच्या. गप्पी बघायला आल्यात. हो ना ताई?

—ताई?