चिठ्ठीवरचा घोडा

(अमेरिका, व्हर्जिनिया, एप्रिल १८६५. गुलामगिरीवरून पेटलेल्या यादवी युद्धात दक्षिण हरलीय. शरण आलेले दक्षिणेचे शिपाई घरी निघालेत. नदीच्या घाटावर उत्तरेच्या फौजेची चौकी.)

रकर : अरे, सोड ना बाबा! होडी सुटेल ती.

सार्जंट स्ट्रॉदर : ‘सोडा.’ ‘सोडा, सार्जंट.’

रकर : बरं, सोडा! चिठ्ठी दाखवली की. तुमच्याच लोकांनी छापून दिलीय.

स्ट्रॉदर : चिठ्ठी खरी आहे. ‘शिपाई टोबायस रकर, पुन्हा शस्त्र न उचलण्याचा शब्द देऊन घरी जात आहे, त्यास अडवू नये. सोबत स्वतःचा घोडा, एक.’ घोडा कुठाय?

रकर : हा काय!

स्ट्रॉदर : ह्याचे कान बघितलेस?

रकर : घोडा लिहिलंय? खरंच?

स्ट्रॉदर : वाचलं नाहीस?

रकर : वाचता आलं असतं तर! आमच्या कॅप्टनने सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर एका दमात घोडा, घोडा, घोडा करून टाकलं. खेचर लिहिलं तर पलटणीची शोभा झाली असती ना!

स्ट्रॉदर : तू जा. खेचर इथेच राहील. फौजेची खेचरं पळवणारे तिघे धरलेत सकाळपासून.

रकर : मग मलाही ठेवा! मका पेरायचाय, सार्जंट. नांगर काय बायकोने ओढायचा? फौजेच्या जनावरांना डागतात तो सरकारी शिक्का सापडतो का बघा ह्याच्या अंगावर.

स्ट्रॉदर : शिक्का नाही. पण म्हणून तुझंच कशावरून? नाव काय ह्याचं?

रकर : हेप्सिबा. सासूचं नाव.

स्ट्रॉदर : सासूला माहितेय?

रकर : खेचर तिनेच दिलं. नाव कळल्यापासून बोलत नाही माझ्याशी.

स्ट्रॉदर : चल गं हेप्सिबा. चल... अगं चल की! हलत का नाही ही?

रकर : ‘बाईसाहेब’ म्हणा. टोपी काढून.

स्ट्रॉदर : काहीतरीच! ...बाईसाहेब, येता का? अरे! अरे, थांबव हिला, नदीत नेतेय मला!

रकर : पटलं?

स्ट्रॉदर : पटलं, पटलं! आण ती चिठ्ठी. घोडा खोडला. ‘खेचर, एक.’

रकर : झकास लिहिता हो! कुठे शिकलात?

स्ट्रॉदर : छावणीत. गेल्या हिवाळ्यात.

रकर : आणि खाली काय लिहिताय आता?

स्ट्रॉदर : माझं नाव. पुढच्या चौकीवर कुणी अडवलं तर दाखव. गुलाम होतो तेव्हा शेजारच्या मळ्यावर बायकोला भेटायला जायचं तरी मालकाच्या सहीची चिठ्ठी लागायची. दुसऱ्याला जाऊ द्यायची सही मी आज पहिल्यांदा करतोय.

रकर : ...करा. सावकाश होऊ द्या.