गाडीमागची बोट

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वयस्क जोडपं बोटीचा फोटो बघत बसलं होतं.

“अगं, काय देखणी आहे! गाडीमागे जोडायची आणि हवं त्या पाण्यावर न्यायची.”

“आत उभं राहता येतं का?”

“वाकावं लागतं जरा. पण दोघांना पाय पसरून झोपता येतं, चहासुद्धा करता येतो.”

“आणि इंजिन?”

“मागे, बाहेरच्या बाजूला. म्हणून तर आत एवढी ऐसपैस जागा! आवाज मात्र करतं.”

“तुमच्या घोरण्यापुढे काय तो आवाज! घेऊन टाकू या.”

“पण डॉक्टरांनी आज मला गाडी चालवायला बंदी केली तर?”

“गाडी मी चालवीन.”

“आणि बोट?”

“तीही शिकेन. तुम्हाला नीट दिसतंय तोवर निघू या.”