पावलांवरचं मेण

‘पावलं काळी पडली बघ तिची. लक्ष्मी म्हणून उमटवली, आणि निघाली भलतीच’ — असं म्हणाल्या, अगदी ह्याच शब्दांत, आणि मी इथे, तुम्ही बसलाय ना त्याच स्टुलापाशी, चहाचा ट्रे घेऊन उभी — नाही नाही, पाय खाली नका ठेवू काकू! वरच असू द्या, त्या दांडीवर. सगळीकडे टर्पेंटाइन लावलंय, घसराल. तुमचे फोटो तयार आहेत हो, पाकीटसुद्धा बांधून ठेवलंय, पण ड्रॉवरची किल्ली यांच्या खिशात राहिली. येतीलच आता. तळोज्याला चुलतभावाच्या साखरपुड्याला गेलेत सगळे. मी नाही गेले, डोकं दुखतंय म्हटलं. — आता? आता कुठलं दुखायला. तेव्हाही नव्हतं दुखत.

कोण म्हणालं विचारताय? सासूबाई म्हणाल्या. आमच्या साताऱ्याकडे सासूला आत्या म्हणतात, तशी मीही आत्याच म्हणते. आत ती काळा पडदा लावलेली खोली आहे ना, फोटो धुवायची — तिथे आत्या आणि प्रियदर्शिनीताई, म्हणजे आमच्या नणंदबाई, बोलत होत्या. अंधारात माणसाला काय वाटतं, आपण दिसत नाही म्हणजे आपलं ऐकूही जात नाही. आणि मी तशी आवाज न करता चालणारी. लग्न ठरवताना हाच गुण म्हणून सांगितला होता — मुलगी शांत आहे हो, घरात आहे की नाही कळणारसुद्धा नाही. — हसा, हसा. मलाही आता हसू येतं.

पावलं म्हणजे ही. हे एकच उरलंय, कॅमेऱ्याच्या स्टँडपाशी, डावं. बाकीची काढली. लग्न करून वाशीला आले ना, तर घराच्या आधी मला दुकानातच आणली. स्टुडिओ नवा, लादी पांढरीशुभ्र. परातीत कुंकवाचं पाणी, त्यात पाय बुडवून दारापासून कॅमेऱ्यापर्यंत चालत यायचं — लक्ष्मी आली म्हणायची. आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे तर गुडघ्यावर बसून, माझ्या पावलांशी कॅमेरा लावून फोटो काढत होते. आता कुणाच्याही घरी ती पावलं दुसऱ्या दिवशी फडक्याने पुसतात की नाही? पुसतातच. पण आत्यांचा जीव होईना. लक्ष्मीची पावलं, पुसायची कशी? मग त्यांनी लादीच्या पॉलिशचा डबा आणला, ते मेणाचं असतं ना घट्ट, आणि पावलांवरून फिरवलं, म्हणजे कुंकू जायला नको. नुसतं पावलांवरच लावलं तर चकाकी तेवढ्यापुरतीच दिसते, म्हणून सगळ्या दुकानाला. मग दर शुक्रवारी एक हात. पुढे ते काम माझ्याकडे आलं. जुनं न काढता त्यावर नवं, त्यावर नवं — माहेरी शेणाने सारवतो तसं. सारवण निदान झिजतं तरी. मेण कुठे जाणार? बसलं साचत.

आणि मेण म्हणजे धूळ धरतं. गिऱ्हाइकांच्या चपलांची माती, केसं, सगळं त्यात चिकटायचं, त्यावर पुन्हा शुक्रवार. लादी आधी साईच्या रंगाची झाली, मग चहाच्या. फटीफटीत काळं. आणि खाली माझं कुंकू — लाल होतं ते तपकिरी झालं, आणि मग — तुम्हाला मघाशी आत येताना काय वाटलं, खरं सांगा. — बरोबर. रक्तच वाटतं. एका गिऱ्हाइकाने विचारलंसुद्धा, इथे काय कापलंबिपलं होतं का?

बघा, हे असं करायचं. चिंधी टर्पेंटाइनमध्ये भिजवून वर पसरायची आणि गप्प बसायचं. घाई केली की ते नुसतं इकडून तिकडे चोळलं जातं. मऊ पडलं की ही प्लास्टिकची पट्टी तिरकी धरायची — लोखंडाची नको, चरे पडतात — आणि ढकलायचं. हे बघा निघालं, खरवडीसारखं. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासायचं आणि फटींना दाताचा जुना ब्रश. सोड्याचं पाणी लागलं की फटीतलं कुंकू पुन्हा लाल होऊन सुटतं, ते बघून मघाशी ब्रश खाली ठेवला मी. म्हटलं, उज्वला, हे काय करून बसलीस तू.

एक सांगू? ह्या पावलांवर लोक पाय द्यायचे ना, तेव्हा मी काउंटरमागे माझे पाय आखडून घ्यायचे. खरंच. कोणी चप्पल घासली की माझी बोटं दुमडायची. आणि उभे फोटो निघायचे त्यात ती यायची, अगदी खालच्या कडेला. एका मुलीचा स्थळासाठी फोटो काढला होता, छान आली होती मुलगी, आणि तिच्या साडीखाली माझे हे दोन काळे पंजे. तिची आई फोटो परत घेऊन आली. म्हणाली, असला अपशकुनी फोटो मी कुणाच्या घरी पाठवू? आत्यांनी मुकाट्याने दुसरा काढून दिला, पण माझ्याकडे बघितलं. त्यातच समोर ती रंगीत लॅब झाली, तासाभरात फोटो देणारी. गिऱ्हाईक तिकडे वळलं. आता ते जपानी मशीन काय माझ्या पायगुणाने आलं? पण काकू, आठ जणांनी तेच तेच म्हटलं ना की — रात्री मोरीत बसून वजरीने पाय घासायचे मी. टाचांतून रक्त येईपर्यंत. वाटायचं, काहीतरी असेलच आपल्या पायांत, उगाच कसं म्हणतील.

नाही, हे चांगले आहेत. हात उगारत नाहीत, ओरडत नाहीत. — ते कुठे होते म्हणजे? साखरपुड्यालाच गेलेत, सांगितलं ना. — हां, त्या दिवशी. आत पडद्यामागे.

आतच होते.

फोटो धुवत होते. आत्या म्हणाल्या, तिला माहेरी पाठवू, दिवाळीपर्यंत तिथेच राहू दे, तिच्या भावाला कळवते, लादी उखडून नवी घालू, मग पुढचं पुढे. आणि यांनी काय म्हणावं? ‘बघू.’ एवढंच. पाण्यात फोटो हलवल्याचा आवाज येत होता मागे, चुळुक चुळुक. मी म्हटलं आता आणखी काही म्हणतील. आता म्हणतील. त्याचीही लाज नाही वाटत मला, नवरे असं बोलतातच. लाज कशाची वाटते सांगू? मी पडद्याबाहेरून हाक मारली, चहा आणलाय म्हणून. आत जाऊन तिघांना दिला. आणि विचारलं, साखर बरोबर झालीय ना?

साखर बरोबर झालीय ना! — अजून आठवलं की कानशिलं तापतात.

सुनेने लक्ष्मीची पावलं पुसली तर घर बुडतं, माहितेय मला. तुम्ही तोंडाने बोलत नाही, पण चेहऱ्यावर दिसतंय तुमच्या. मघापासून पदर तोंडाला लावलाय तो काही टर्पेंटाइनच्या वासाने नाही. कुणाला विचारून नाही करत आहे मी हे, आलंच असेल तुमच्या लक्षात. एवढं सगळं सांगायचं नव्हतं हो तुम्हाला. तुम्ही फोटो न्यायला आलात आणि स्टुलावर अडकलात, म्हणून. — हे शेवटचं. अंगठा बघा कसा वाकडा उमटलाय. घाबरले होते त्या दिवशी, पाय नीट टेकलाच नव्हता. — निघालं. खाली लादी बघा, अजून पांढरी आहे. उखडायची गरजच नाही.

रिक्षा थांबली का? — त्यांचाच आवाज. बसा, बसा तुम्ही, आता उठू नका. अर्धं ओढलेलं शटर वर करतायत.

आत्या, तिथेच थांबा, ओलं आहे. ताई, तुम्हीपण. — हो. नाहीत आता. मी काढली, सगळी. — नाही आत्या, ऐका. अहो, तुम्हीही ऐका, बघू म्हणू नका. ती लक्ष्मीची पावलं नव्हती. माझी होती. मी दिवाळीच्या आधी माहेरी जाणार नाही.